खंडेनवमीचा कोळसा

वन्सं, परवा तुमच्या बेळगावातल्या, अनगोळच्या खोलीतलं सामान घरी आणलं. सामान कसलं, पुस्तकं आणि बाटल्या. टेम्पोवाल्यानं काळ्या भुकटीची एक बाटली उजेडात धरली आणि मला विचारलं, "काकू, मिश्री हाय व्हय?" त्याचं तरी काय चुकलं? आपल्या निपाणी भागात तंबाखू भाजून केलेली काळी भुकटी म्हणजे मिश्रीच, बायका दातांना लावतात ती. तो झाकण उघडायला लागला तेव्हा मी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली आणि सदलग्याला येईपर्यंत मांडीवर धरून बसले. तुम्ही असता तर टेम्पो तिथंच थांबवून त्याला सगळं समजावून सांगितलं असतं, आणि मग संध्याकाळपर्यंत त्याच्या हातून दुसरं काही काम झालं नसतं.

घरातले सगळे तुमच्याबद्दल बोलताना आवाज बारीक करतात. मला ते जमत नाही. तुमचं नाव निघालं की मला आधी हसू येतं, मग डोळे भरतात, आणि परत हसूच येतं. चार माणसांत हे सांगायचं म्हटलं तर जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून लिहिते. तुम्ही सोडून हे कुणी वाचायचं नाही.

तुम्ही सगळे मला बघायला आला होता तेव्हा तुम्हीच पुढं बसला होता. बाकीच्यांनी विचारलं, कितवी शिकलीस, काय काय येतं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. आमचे आप्पाच म्हणाले, चौथी झालीय, पुढं शाळा लांब होती. सगळे एकमेकांकडं बघायला लागले, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "बोलत न्हाय म्हंजे ऐकत असंल. आमच्या घरात बोलणारी मी एकटी बास हाय." झालं, लग्न ठरलं. तुमचा भाऊ अजून म्हणतो, मला बायको अक्कानं केली, मला कुणी विचारलंच न्हाय.

आणि खरंच तुम्ही बोलत राहिलात. बेळगावच्या कॉलेजात आठवडाभर पोरांना रसायन शिकवायचं आणि रविवारी बस धरून इथं यायचं, ते माझ्या चुलीपुढं पाट टाकून बसायचं. मी आंबोळ्या घालत असायची आणि तुम्ही तुमचा फ्युएल सेल सांगत असायचा. हायड्रोजन एका बाजूला, हवा दुसऱ्या बाजूला, दोघांचं जुळलं की वीज तयार होते. पण हवेतला ऑक्सिजन लई आळशी, आपणहून पुढं येत नाही. त्याला कुणीतरी हाताला धरून आणावं लागतं. त्यालाच उत्प्रेरक म्हणायचं.

"म्हंजे लग्न जुळवणारी बाई," मी म्हटलं.

तुम्ही आंबोळी तोंडात घालता घालता थांबलात. "बरोबर. दुसऱ्याचं जुळवून देती आणि सोता हाय तशीच ऱ्हाती. सुमे, ह्ये माझंच की गं वर्णन केलंस!"

मला इतकी लाज वाटली. तुम्ही लग्न केलं नव्हतं आणि त्यावरून कुणी काही बोललेलं मला आवडत नसे, आणि मीच बोलून बसले. पण तुम्ही हसून हसून ठसका लागेपर्यंत हसलात, आणि पुढं कॉलेजात पोरांनाही तसंच सांगायला लागलात.

ह्या कामाला सगळीकडं प्लॅटिनम वापरतात, म्हणालात. सोन्याच्या पंक्तीला बसणारा धातू. तो घालून सेल केला तर आपल्यासारख्यांच्या घरी कधी यायचा? म्हणून तुमचा हट्ट कोळशाचा. साधा कोळसा नाही, आत बारीक बारीक भोकं असलेला. तव्यावरच्या आंबोळीकडं बोट दाखवून म्हणालात, जाळी पडती तशी, पण डोळ्याला दिसणार न्हाय एवढी बारीक. चमचाभर कोळशातली सगळी भोकं उलगडून पसरली तर आपल्या मळ्यातला एक तुकडा झाकला जाईल.

"मग तलाठ्याला सांगू नका," मी म्हटलं. "उतारा काढून हातात देईल."

तुमच्याशी असं बोलता यायचं मला. बाहेरचं कुणी दारात आलं की मी लगेच आत.

कोळसा कशाचा करायचा, ह्यावर एक उन्हाळा गेला. उसाचं चिपाड झालं, भुईमुगाची टरफलं झाली. शेवटी तुमची नजर परड्यात रचलेल्या तंबाखूच्या खोडांवर पडली. पानं गेली की खोडं राहतात, आपण ती चुलीत घालतो आणि खोकत बसतो. तुम्ही म्हणालात, त्यात नत्र आहे, आणि कोळशात नत्र मिसळला की ऑक्सिजन त्याच्याकडं ओढला जातो. नत्र म्हटल्यावर मला जरा कळलं, खताच्या पोत्यावर असतो तो. "मग युरियाच जाळा की," मी म्हटलं. "थोडा तोबी घालती," तुम्ही म्हणालात, अगदी चोरी पकडल्यासारखं तोंड करून.

मग आपलं काम सुरू झालं. मी खोडं धुवायची, वाळवायची, कोयत्यानं तुकडे करायची, लोखंडी खलबत्त्यात कुटायची, चाळणीनं चाळायची. पुढं तुम्ही डबा घेऊन जायचा आणि कॉलेजच्या भट्टीत हवा न लागू देता भाजायचा. शेजारच्या कमळाबाईनं गावभर केलं, मास्तरीणबाई मिश्री करून बेळगावात खपवती. तुम्हाला कळल्यावर तुम्ही तिच्या दारात जाऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "कमळाक्का, ही लावून बघा, दातातनं उजेड पडंल." त्या दिवसापासून ती मला रोज विचारायची, खरंच पडतो व्हय गं उजेड?

सगळं नीट चाललं होतं. कोळसा काम करत होता, तुमच्याच कॉलेजातल्या भारती मॅडम आणि तुम्ही मिळून त्यावर लेख लिहिला आणि कोळशाचा नमुना जोडून बाहेरगावी तपासायला पाठवला. नाव दिलं होतं, धातूशिवायचा कोळसा. तिकडून उत्तर आलं की तुमच्या नमुन्यात लोखंड आहे. अगदी कणभर, पण आहे. मग कशावरून काम कोळसा करतोय? लोखंडच करत असेल.

त्या रविवारी तुम्ही पाटावर बसलात पण आंबोळीला हात लावला नाही. मला पहिल्यांदा कळलं की ह्यात तुमचं किती अडकलंय. मी विचारलं, लोखंड असलं तर बिघडलं कुठं, काम झाल्याशी मतलब. तुम्ही म्हणालात, "लोखंड पहिल्या सणाला आलेल्या जावयासारखं असतंय. सुरवातीला लई उड्या मारतंय. मग सोता झिजतंय आणि सेलातलं बाकीचंबी नासवतंय. आणि सुमे, मी एवढी वर्षं सांगत आलीय की कोळसा करतोय. त्यो करत नसंल तर मी काय केलं एवढी वर्षं?"

मग तुम्ही लोखंडाचा माग काढायला लागलात. विहिरीच्या पाण्यावर संशय घेतला. बेळगावाहून शुद्ध पाण्याचे कॅन बसमधून आणायला लागलात, आणि कंडक्टर म्हणायचा, "काय बाई, तीर्थ काय?" खोडांना लागलेल्या मातीवर संशय घेतला, मी ती नखानं खरवडून काढली. आम्लात धुऊन बघितलं, परत परत धुतलं. पण एकदा भाजताना लोखंड त्या भोकांत शिरून बसलं की निघत नाही, म्हणालात. लोखंड काही हटेना.

आणि आली खंडेनवमी.

दसऱ्याच्या सुट्टीत भट्टी मोकळी मिळणार होती म्हणून तुम्ही आदल्या दिवशीच आलात, की दुपारपर्यंत भुकटी करून घेऊन जाऊ. सकाळी उठून बघता तर सोप्यात सगळं लोखंड ओळीनं मांडलेलं. कोयता, कुऱ्हाड, विळे, खुरपी, पहार, विळी, अडकित्ता, खलबत्ता. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. बाहेर मोटरसायकलीलासुद्धा माळ.

"सुमे, त्यो कोयता दे."

"आज न्हाय वन्सं."

"आज न्हाय म्हंजे?"

"आज लोखंडाला हात लावायचा न्हाय. वरीसभर राबत्यात, एक दिवस बसू दे त्यास्नी. सासूबाई असत्या तर तुमची छाती झाली असती व्हय कोयता मागायची?"

"आणि सकाळी पोळ्या कशावर केल्यास? तवा लोखंडाचा न्हाय?"

"तव्याची पूजा पहाटंच करून त्याला मोकळा केलाय. पोटाला सुट्टी नसती."

"ह्ये कुठल्या शास्त्रात?"

"ह्या घरच्या."

तुमचा भाऊ ओसरीत बसून मान खाली घालून हसत होता. तुम्ही त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "माझ्याकडं काय बघतीस अक्का, तूच आणलीयस ही ऐकणारी."

तुम्ही चिडलात, पण पूजेवरून काही उचलायचं धाडस तुम्हाला झालं नाही. मग परड्यात जाऊन खोडं गुडघ्यावर मोडायला बसलात. मी पण बसले. मुसळ आणू का म्हणून तुम्हीच विचारलं आणि तुम्हीच म्हणालात, नको, त्याच्या टोकालाबी लोखंडाचं कडं असतंय, तू तिथंबी आडवी येशील. शेवटी सगळं पाट्यावर वरवंट्यानं वाटलं. चाळण पत्र्याची, म्हणून सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यातून गाळलं. तंबाखूची ती धूळ नाकात गेली आणि तुम्हाला शिंका सुरू झाल्या. एक शिंक आली की भुकटी उडायची, भुकटी उडाली की पुढची शिंक. म्हशीनं दावं ताणलं. कमळाबाई कुंपणावरून ओरडली, "मास्तरीणबाई, मिश्री वढू नका, लावायची असती!" आणि आपण दोघी तोंडाला पदर बांधून, डोळ्यांतून पाणी गाळत, हसत बसलो. डबा घेऊन जाताना तुम्ही मला म्हणालात, "तुझ्या पूजेपायी कंबर मोडली माझी." तुमच्या कपाळाला, नाकाला, कानाला सगळीकडं भुकटी होती आणि तशाच तुम्ही बसमध्ये चढलात.

पुढं तुम्ही आलात ते रविवार नसताना. हातात कुंद्याच्या मिठाईचा बॉक्स. दारातूनच ओरडलात, "सुमे, खलबत्ता!"

मी घाबरून खलबत्ता आणून दिला. तुम्ही त्याला नमस्कार केलात आणि म्हणालात, "ह्यो चोर." खंडेनवमीच्या भुकटीच्या कोळशात लोखंड सापडलं नव्हतं. पाणी नव्हे, माती नव्हे, आपलाच खलबत्ता कुटताना कणकण झिजत होता. चाळण आणि कोयता त्याचे साथीदार. कॉलेजात सगळं काचेचं आणि चिनी मातीचं, म्हणून तुमची नजर घराकडं वळलीच नव्हती.

तेव्हापासून आपलं जे भांडण सुरू झालं ते काही मिटलं नाही. मी म्हणायची, खंडेनवमीनं केलं. तुम्ही म्हणायचा, योगायोगानं केलं. मी म्हणायची, योगायोग मग त्याच दिवशी बरा आला. तुम्ही म्हणायचा, "लेखात काय लिवू? नमुना नवमीस तयार केला, लोखंडास सुट्टी होती?" मी म्हणायची, लिहा की, लाज कसली. अजूनही माझंच म्हणणं बरोबर आहे, वन्सं. आता तुम्हाला उलटून बोलता येत नाही म्हणून सांगत नाही, समोर असता तरी सांगितलं असतं.

कुंदा खाऊन झाल्यावर मात्र तुम्ही उठून दाराशी गेलात. उंबऱ्यावर बसून परड्याकडं बघत राहिलात. मी विचारलं काय झालं. तुम्ही म्हणालात, "आता लोखंड गेलं. आता सेलात घालून बघितलं की खरं कळंल. लोखंडाबरोबर कामबी गेलं असंल तर?"

"कोळसाच करत असंल," मी म्हटलं.

"का?"

"तुम्ही एवढं केलंय म्हणून."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि हसलात. "ह्ये कारण शास्त्रात चालत न्हाय, सुमे." पण माझा हात धरून ठेवलात, बराच वेळ. एवढं बोलणाऱ्या तुम्ही, तेव्हा काही बोलला नाहीत. मला त्याची भीती वाटली होती. आता वाटतं, बरं झालं. तो हात मला पुरतो.

त्यानंतर तुम्ही सेल लावायच्या तयारीला लागलात. त्याच्या पट्ट्या बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यातून कापून आणल्यात. आणि एके दुपारी जेवून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. बिऱ्हाडाच्या मालकिणीनं फोन केला तेव्हा तुमचा भाऊ उसाच्या फडात होता. त्याला बोलवायला मी धावत गेले, आणि फडातल्या एवढ्या माणसांसमोर मला काय झालं ते सांगताच येईना. त्याला माझ्याकडं बघूनच कळलं. ह्याच्यावर मी जास्त लिहीत नाही. तुम्हाला रडारड आवडत नव्हती, आणि झाली ती तुम्ही बघितलीच असेल.

दिवसकार्य झाल्यावर भारती मॅडमचा फोन आला. त्या मूळच्या कानडी, मराठी त्यांच्या तोंडी गोड लागतं. म्हणाल्या, "आक्का, सेल तयार आहे. पण मॅडमच्या घरचं कोण तरी आल्याबिगर मी लावणार नाही." मी फोन ह्यांच्याकडं दिला. ते म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय? वाटलंय हिनं, हीच येईल." उसाची तोड चालू होती, त्यांना हलता येत नव्हतं. मी म्हटलं, मी एकटी? कॉलेजात? ते म्हणाले, अक्का तुला किती वर्षं बोलवत होती.

खरं आहे. तुम्ही किती वेळा म्हणालात, एकदा येऊन बघ तरी. मी दर वेळी म्हशीचं निमित्त सांगितलं. म्हशीला अजून माहीत नाही, तिच्या नावावर किती काय खपवलंय ते.

गेले. नवं लुगडं नेसून, चिकोडीत बस बदलून, कानडीत विचारत विचारत. भारती मॅडम फाटकापाशी उभ्या होत्या, नाहीतर मी आत गेलेच नसते. तुमची कॉलेजातली खोली बघितली. तुमचा पांढरा कोट खुंटीला होता, त्याच्या खिशाला काळे डाग. टेबलावर दोन छोट्या पेट्या, काडेपेटीच्या जरा मोठ्या, आणि प्रत्येकीला जोडलेला खेळण्यातल्यासारखा पंखा. एकीत प्लॅटिनम, एकीत आपला कोळसा. बाजूला तुमचे विद्यार्थी, दोन शिक्षक. मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

गॅस सोडला. प्लॅटिनमचा पंखा भर्रकन सुरू झाला. आपला हलेना. मी त्या पंख्याकडं असं बघत होते जसं कुणी दवाखान्याच्या दाराकडं बघतं. मनात एकच, काम लोखंडाबरोबर गेलं असेल तर वन्संना मी काय सांगू. तुम्ही नाही हे तेव्हा माझ्या ध्यानातच नव्हतं.

मग पातं जरासं हललं. थांबलं. परत हललं. आणि मग फिरायला लागलं, सावकाश, पाती मोजता येतील असं. भारती मॅडमनी यंत्राचा आकडा बघितला, परत बघितला. मग माझ्याकडं वळून जरा ओशाळल्यासारख्या म्हणाल्या, "स्लो आहे आक्का. लोखंडवाला ह्याच्यापेक्षा जोरात होता. पण हे जे आहे ते कोळशाचं आहे. बाकी कुणाचं नाही."

आणि मी, वन्सं, त्या सगळ्या शिकलेल्या माणसांसमोर मोठ्यानं म्हणाले, "फिरू दे की सावकाश! घाई कुणाला हाय?"

सगळे हसले. मी पण हसले. माझाच आवाज मला ओळखू येईना. मग त्यांनी मला खुर्ची दिली आणि भुकटी कशी केली ते सांगायला लावलं. मी वरवंटा सांगितला, लुगड्याचा तुकडा सांगितला, तुमच्या शिंकासुद्धा सांगितल्या. एक शिक्षक म्हणाले, आता अशीच परत करून बघायला हवी, एकदा झालेलं धरत नाहीत. मी म्हटलं, कधी पाहिजे सांगा, खोडं भरपूर आहेत.

निघणार तेवढ्यात भारती मॅडम ओरडल्या, "नीर बंतु, आक्का, नीर बंतु!" पाणी आलं, पाणी आलं. मी बघितलं, पेटीच्या खालच्या बारीक नळीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. मी म्हटलं, गळतंय काय? त्या म्हणाल्या, गळत नाही, हेच तर निघतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एक झाले की पाणी होतं. धूर नाही, राख नाही, एवढंच. मॅडमनी सांगितलं नव्हतं तुम्हाला?

न्हाय, म्हटलं. मॅडमनी एवढंच सांगितलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी तुमच्याशी भांडत आले. आळशी ऑक्सिजन सांगितलात, नत्र सांगितलात, आंबोळीची जाळी मोडून दाखवलीत, जावयापर्यंत गेलात. एवढे रविवार बोललात आणि शेवटी पाणी निघतं हेच राहिलं? तुम्हाला ते फार साधं वाटलं असेल, सगळ्यांना ठाऊक असणारच असं. पण वन्सं, साधं होतं तेच आधी सांगायचं की. मी तेव्हाच म्हशीला बांधून तुमच्याबरोबर आले असते.

घरी आले तर कमळाबाई कुंपणाशीच होती. काय झालं गं, म्हणाली. एरवी मी "काय न्हाय" म्हणून आत गेले असते. थांबले, आणि तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या सुनेला आणलं, मग तिलाही सांगितलं. आता गिरणीत, बसस्टँडवर, कुणी ना कुणी विचारतं, तुमच्या वन्सं काय करत होत्या म्हणं? मी त्यांना पाण्यापासून सांगायला सुरुवात करते.